साथीच्या बाजूने

आमच्या स्ट्रिंग क्वार्टेटने (दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो) पाश्चात्त्य शास्त्रीय रचना आणि लोकनृत्यांचे संगीत एकाच कार्यक्रमात आणायचे ठरवले, तेव्हा सुरुवातीची सगळी चर्चा धुनांभोवती फिरत होती. कोणती धून घ्यायची, ती किती वेळा वाजवायची, पहिल्या व्हायोलिनकडून ती चेलोकडे कधी सोपवायची, असे प्रश्न होते. मी या क्वार्टेटमध्ये व्हिओला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खालच्या सुरांचे वाद्य, वाजवते. चाल बहुतेक वेळा माझ्याकडे नसते आणि खर्जही माझ्याकडे नसतो. माझी जागा मधली. त्या जागेवरून हे काम जसे दिसले तसे लिहीत आहे, आणि माझे मत आधीच सांगून टाकते. नृत्याचे लोकसंगीत क्वार्टेटमध्ये आणताना चाल सहज येते, साथ येत नाही; आणि साथ आली नाही तर हाती राहते ती एक नीटनेटकी शास्त्रीय रचना, जिच्यात खेड्यातली एक चाल पाहुणी म्हणून येऊन गेलेली असते.

असे मिश्रण करणारे आम्ही पहिले नाही, याची जाणीव चौघांनाही होती. हायडनच्या १७७२ मधल्या ओपस २० या संचातील चौथ्या क्वार्टेटमध्ये रोमा (म्हणजे जिप्सी) वादकांच्या ढंगाचा एक मिन्युएट, म्हणजे दरबारी नृत्याच्या घाटाचा भाग, आहे. कागदावर तो तीन मात्रांचा आहे. पण आघात अशा आडजागी टाकले आहेत की ऐकणाऱ्याला सम कुठे आहे ते बराच वेळ कळत नाही. बेथोव्हेनने १८०६ मध्ये व्हिएन्नातील रशियन राजदूत काउंट राझुमोव्हस्की याच्यासाठी तीन क्वार्टेट लिहिले आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंत छापील संग्रहातून घेतलेल्या रशियन लोकधुना वापरल्या. विसाव्या शतकात हंगेरीच्या बेला बार्टोकच्या सहा क्वार्टेटनी हा सारा विचारच बदलून टाकला. त्यानंतर १९७३ मध्ये स्थापन झालेल्या क्रोनोस क्वार्टेटने जगभरच्या परंपरांमधील संगीतकारांबरोबर काम केले, आणि डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटने एकीकडे बेथोव्हेनचे क्वार्टेट वाजवत दुसरीकडे उत्तर युरोपातील लोकधुनांची ध्वनिमुद्रणे केली. तेव्हा आपण काही धाडस करीत आहोत असा आव आणण्याचे कारण नव्हते. प्रश्न इतकाच होता की या सगळ्यांच्या वाटेवरून आपण नेमके कुठपर्यंत जाणार.

आम्ही दोन प्रदेश निवडले: ट्रान्सिल्व्हेनिया (आज रोमानियात असलेला प्रदेश) आणि नॉर्वे. दोन्हीकडे नृत्याचे मुख्य वाद्य व्हायोलिनच्या कुळातले आहे, म्हणजे निदान वाद्याचा अडसर नव्हता. आणि दोन्हीकडचे संगीत शास्त्रीय रचनाकारांनी पूर्वी हाताळलेले होते, त्यामुळे मूळ आणि रूपांतर शेजारीशेजारी ठेवून पाहता येणार होते. एका संध्याकाळी त्याहून अधिक परंपरा कोंबल्या की कार्यक्रमाचे प्रदर्शन होते, हे माझे जुने मत आहे.

पहिल्या टप्प्यात आम्ही ऐकत बसलो. बार्टोक आणि त्याचा सहकारी संगीतकार झोल्तान कोदाय यांनी १९०५-०६ च्या सुमारास खेड्यांत जाऊन गाणी जमवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याजवळ मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी कोरणारा फोनोग्राफ होता. एका नळकांड्यावर जेमतेम काही मिनिटे मावत आणि आवाज पकडण्याचे साधन म्हणजे एक कर्णा. कर्ण्यासमोर उभी राहिलेली एक गायिका किंवा एक व्हायोलिन त्यात बऱ्यापैकी उतरते; तीन-चार वाद्यांचा संच, त्यातही मागे बसलेले साथीचे वाद्य, फारसे उतरत नाही. बार्टोकने या मुद्रणांवरून केलेले स्वरलेखन अफाट बारकाईचे आहे. गळ्याची एकेक हरकत, अर्ध्या श्वासाचा एकेक स्वर त्याने टिपला आहे. पण त्यांतले बहुतेक स्वरलेखन एकट्या आवाजाचे किंवा एकट्या वाद्याचे आहे. ट्रान्सिल्व्हेनियातील वादकांकडून मिळालेल्या धुनांवर त्याने १९१५ मध्ये पियानोसाठी रुमानियन लोकनृत्यांचा संच रचला, त्यात चाली खेड्यातल्या आहेत आणि खालची साथ पूर्णपणे बार्टोकची आहे. ती साथ अप्रतिम आहे, याबद्दल वाद नाही. परंतु नाचणाऱ्यांच्या पायाखाली त्या खेड्यात जे वाजत होते ते वेगळे होते.

संपूर्ण संचाचे, म्हणजे साथीसकट, तपशीलवार स्वरलेखन आम्हाला सापडले ते लास्लो लायता या संगीतकाराचे. ट्रान्सिल्व्हेनियातील सेक या गावातील वादकसंचाचे त्याने केलेले काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९७२ मध्ये बुडापेस्टमध्ये शहरी तरुणांनी खेड्यातल्यासारखे नाचण्यासाठी एकत्र जमण्याची चळवळ सुरू केली, तिला ‘तान्त्सहाझ’ म्हणतात. तिच्यातल्या वादकांनी या साथीदारांपुढे प्रत्यक्ष बसून शिकून घेतले. युनेस्कोने २०११ मध्ये या शिकवण्याच्या पद्धतीची नोंद वारसा-जतनाच्या उत्तम उदाहरणांमध्ये केली आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांच्यामुळे साथीची विद्या आज शिकता येते आणि ती शिकवणारी माणसे आहेत.

ट्रान्सिल्व्हेनियाच्या संचात पहिले व्हायोलिन चाल वाजवते, खाली तीन तारांचा बेस असतो आणि मध्ये ‘कोन्त्रा’ नावाचे वाद्य असते. कोन्त्रा म्हणजे व्हिओलाच, पण बदललेला. तारा चारऐवजी तीन असतात. व्हिओलाच्या सा-म-प अशा कुठल्याही हिशोबाने तिची जुळणी समजत नाही, म्हणून पाश्चात्त्य नावांनीच सांगते: जी आणि डी या दोन तारा व्हिओलाच्याच असतात, सर्वांत जाड सी काढून टाकलेली असते आणि ए ही तार व्हिओलाच्या ए पेक्षा एक सप्तक खाली लावलेली असते. त्यामुळे तिन्ही सूर एकमेकांच्या अगदी जवळ येतात. मुख्य फरक घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याचा. व्हायोलिन-व्हिओलाची घोडी कमानदार असते, म्हणून गज एका वेळी एका किंवा दोन तारांवरच टेकतो. कोन्त्राची घोडी वरून सपाट असते, म्हणून गज तिन्ही तारांवर एकदम बसतो आणि अखंड, दाट कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, निघते. या वाद्यावर चाल वाजवताच येत नाही. ते फक्त साथीसाठी बनलेले आहे, आणि ही गोष्ट मला एखाद्या सिद्धान्तापेक्षा अधिक बोलकी वाटली.

माझ्याकडे एक जुना, दुय्यम व्हिओला पडून होता. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे तो नेला, तेव्हा सपाट घोडी मागणारे गिऱ्हाईक त्याला नवीन होते. नुसती घोडी घासून भागत नाही, हे त्यानेच दाखवून दिले. घोडी सपाट केली की बाहेरच्या तारांची उंची पट्टीपासून बदलते, तीन तारांमधले अंतर नव्याने आखावे लागते, आणि वरच्या टोकाच्या खाचाही त्याप्रमाणे सरकवाव्या लागतात. खालच्या ए साठी जाड तार लागली. सगळे जुळून आल्यावर पहिला गज ओढला तेव्हा आलेला आवाज माझ्या ओळखीच्या कोणत्याही व्हिओलाचा नव्हता. त्याच्यात गोडवा कमी आणि वजन जास्त होते.

आमच्या पहिल्या व्हायोलिनवादकाचा प्रस्ताव होता की एवढा खटाटोप न करता साथ दुसऱ्या व्हायोलिन आणि व्हिओलामध्ये वाटून घ्यावी. दोघांनी दोन-दोन तारा धरल्या की तीन काय, चार सूर मिळतील. आम्ही तसे करून पाहिले. सूर सगळे होते. पण दोन माणसांचे दोन गज एका क्षणी कितीही नेमके पडले, तरी एका गजाखाली तीन तारा एकत्र दबतात तेव्हा होणारी घसट त्यात येत नाही. अखेर दोन्ही ठेवले: कोन्त्रा माझ्याकडे, आणि दुसरे व्हायोलिन कधी चालीला एक सप्तक खालून जोड देते, कधी माझ्याबरोबर साथीत उतरते.

आम्हाला शिकवायला आलेल्या लोकवादकांनी पहिल्याच तालमीत आमच्यापुढचे कागदांचे स्टँड भिंतीशी नेऊन ठेवले. त्यांनी मला फक्त एक कॉर्ड दिली आणि एक हात, म्हणजे गज फिरवण्याची एक रीत, दिला. संथ चारदाश या नृत्याच्या साथीत गज एका दिशेने जातो आणि त्या एकाच ओढीत दोन मात्रा येतात, दुसरीवर दाब. मग दिशा बदलते, पुन्हा दोन मात्रा, पुन्हा दुसरीवर दाब. या हाताला ‘द्यूव्यो’ म्हणतात. कागदावर लिहायचे तर दोन स्वर, त्यांवर एक कंस आणि दुसऱ्यावर आघाताची खूण. कोणत्याही विद्यार्थ्याला ते पाहताक्षणी वाजवता येईल, आणि ते पूर्णपणे चुकीचे ऐकू येईल.

याचे कारण हातात आहे. शास्त्रीय प्रशिक्षणात गजाच्या मध्येच आघात द्यायचा असेल तर आपण तर्जनीने दाब देतो, गज क्षणभर अडतो आणि पुढच्या स्वराला स्पष्ट सुरुवात मिळते. द्यूव्योमध्ये गज कुठेच थांबत नाही. तो मुठीजवळच्या जड टोकाकडे राहतो, आणि दुसऱ्या मात्रेवर संपूर्ण बाहूचे वजन तारांवर उतरते, गजाचा वेगही वाढतो, त्यामुळे आवाज फुगून वर येतो. सुरुवात ऐकू येत नाही, फुगवटा ऐकू येतो. नाचणाऱ्याचा गुडघा त्या फुगवट्यावर वाकतो. शिक्षकांनी मला एकच कॉर्ड वाजवायला लावून स्वतः समोर पावले टाकली, आणि माझा हात बिघडला की ते बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे. “तुम्ही वाजवत होतात, पण मला नाचता येत नव्हते,” एवढेच एकदा म्हणाले. चेलोवादकालाही तोच हात शिकावा लागला, कारण संथ नृत्यात बेस कोन्त्राबरोबरच गज फिरवतो. द्रुत नृत्यात मात्र दोघे वेगळे होतात: मात्रेवर बेस, मात्रेच्या मध्ये कोन्त्रा. तो प्रकार आम्हाला पटकन जमला. शास्त्रीय संगीतात त्याची सवय असते.

हात थोडाफार बसल्यावर खरी खडाखडी झाली ती कॉर्डवरून. या भागातल्या जुन्या साथीदारांची रीत अशी की चाल कोणत्याही स्वरांची असो, साथ मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराच्या, कॉर्डचीच. मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, कॉर्ड ते वापरतच नाहीत. चालीत कोमल गंधार आहे आणि त्याच क्षणी साथीत शुद्ध गंधार दाबून वाजतो आहे, असे वारंवार होते. शास्त्रीय कानाला ही सरळसरळ विसंगती वाटते. क्वार्टेटवादकाचा तर निम्मा जन्म तिसऱ्या स्वराची उंची जुळवण्यात जातो. मायनर कॉर्डमधला गंधार किती उंच, मेजरमधला किती उतरता, यावर आम्ही तासन्‌तास वाद घातलेले आहेत. आमच्या दुसऱ्या व्हायोलिनवादिकेने स्पष्ट सांगितले की श्रोत्यांना हे बेसूर वाटेल, आणि आपण बेसूर वाजवतो असा समज झाला तर पुढच्या हायडनवरही त्याची छाया पडेल. तिचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

मी हट्ट धरला. चालीनुसार कॉर्ड ‘सुधारल्या’ की तो संच ताबडतोब एकोणिसाव्या शतकातल्या बैठकीच्या संगीतासारखा वाटू लागत होता. हे आम्ही दोन्ही प्रकारे मुद्रित करून शेजारी ठेवून ऐकले. शुद्ध गंधार ठेवला की चाल आणि साथ यांच्यामध्ये एक करकर राहते, आणि त्या करकरीमुळे चाल वर उचलून धरल्यासारखी ऐकू येते. शिवाय सपाट घोडीवर तिन्ही तारा दाबून वाजत असताना कॉर्ड हा सुरांचा मेळ कमी आणि ताल जास्त असतो; कान ती फार वेळ सूर म्हणून तपासत नाही. शेवटी आम्ही तसेच ठेवले. एक सवलत मात्र दिली: संथ धुनेच्या अखेरच्या लांब स्वरावर मी गंधाराची तार सोडून देते, म्हणजे नुसते षड्ज-पंचम राहतात. अशी सवलत मूळ परंपरेत आहे असा माझा दावा नाही. ती आमची आहे.

क्वार्टेट म्हणून आमच्या वागण्यातही बदल करावा लागला. हायडनपासून या प्रकाराचा आदर्श चार समान व्यक्तींच्या संभाषणाचा आहे. लय कुणाची, कुणी कुणाची वाट पाहायची, हे आम्ही तालमीत बोलून ठरवतो आणि वाजवताना एकत्र श्वास घेऊन साधतो. खेड्यातल्या संचात असे काही नसते. मुख्य व्हायोलिनवादक नाचणाऱ्यांकडे पाहून पुढची धून कोणती आणि कधी ते तिथल्या तिथे ठरवतो, आणि बाकीच्यांनी ते त्याच्या गजाच्या टोकावरून ओळखायचे. आम्ही धुनांची एक साखळी निवडली, पण तिच्यातल्या आवर्तनांची संख्या मुद्दाम ठरवली नाही. पहिल्या व्हायोलिनवादकाला हे स्वातंत्र्य सुरुवातीला ओझे वाटले. त्याला दर आवर्तनाच्या शेवटी आमच्याकडे संमतीसाठी पाहण्याची सवय होती. ती नजर गेली तेव्हाच धुनांची साखळी खऱ्या अर्थाने पुढे सरकू लागली.

याहून सूक्ष्म अडचण एकत्र श्वास घेण्याची होती. आम्ही चौघे समेवर इतके नेमके एकत्र येतो की चाल आणि साथ यांत फट राहत नाही. या संगीतात ती फट हवी असते. साथ तटस्थपणे चालत राहते आणि चाल तिच्यावर थोडी पुढे धावते, थोडी रेंगाळते, पुन्हा येऊन मिळते. साथीने चालीची वाट पाहिली की दोन्ही कोसळतात. मला हे समजायला काहीच अवघड नव्हते, करायला फार अवघड गेले. कारण व्हिओलावादकाचे कौशल्यच मुळी चालीला सांभाळून घेण्यात मोजले जाते. तालमीत आम्ही शेवटी पहिल्या व्हायोलिनवादकाला शेजारच्या खोलीत दार उघडे ठेवून बसवले, म्हणजे त्याचा आवाज येईल आणि चेहरा दिसणार नाही. त्या उपायाचा उपयोग झाला.

नॉर्वेचा भाग आकाराने लहान होता आणि त्याने निराळ्याच ठिकाणी दमवले. स्प्रिंगार हे तीन मात्रांचे नृत्य आहे, पण टेलेमार्क आणि वाल्द्रेस या भागांत त्या तीन मात्रा समान लांबीच्या नसतात. टेलेमार्कमध्ये पहिली लांब, दुसरी मध्यम आणि तिसरी आखूड; वाल्द्रेसमध्ये पहिली आखूड, दुसरी लांब, तिसरी मध्यम. हार्डांगर फिडल हे तिथले वाद्य. त्याच्या चार वाजत्या तारांखाली चार किंवा पाच तरफेच्या तारा असतात आणि वादक एकटाच पायाने ठोके देत वाजवतो, म्हणजे तिथे साथीदार म्हणजे वादकाचा स्वतःचा पाय.

आम्ही त्याच काळात बार्टोकचा १९३४ मधला पाचवा क्वार्टेटही तयार करीत होतो. त्याच्या मधल्या भागात बल्गेरियन लय आहे: चार, दोन आणि तीन अशी नऊ लहान मात्रांची विभागणी. झपताल किंवा रूपक हातावर मोजलेल्या माणसाला या विभागणीची भीती वाटत नाही. लहान एकक एकच असते आणि त्याचे कमीजास्त गट पडतात. वेग कितीही असला तरी मोजता येते. स्प्रिंगारमध्ये असे लहान एककच सापडत नाही. लांब मात्रा आखूड मात्रेच्या नेमकी किती पट, हे विचारावे तर धुनेगणिक, वादकागणिक, कधी एकाच धुनेच्या दोन वळणांत उत्तर बदलते. चेलोवादकाने, जो आमच्यातला सर्वांत पद्धतशीर गृहस्थ आहे, जुन्या मुद्रणांतील ठोक्यांची अंतरे संगणकावर मोजून त्यांची सरासरी काढली आणि ती कागदावर पाचाच्या भागांत मांडली. त्या कागदावरून वाजवलेला स्प्रिंगार लंगडत होता. मग आम्ही वाद्ये खाली ठेवली आणि वेगळ्या एका शिक्षिकेकडून त्या नृत्याची पावले शिकलो. शरीर कोणत्या मात्रेवर खाली जाते आणि किती वेळात वर येते हे गुडघ्याला कळल्यावर लांब मात्रेची लांबी आपोआप येऊ लागली, कारण वर यायला वेळ लागतोच. बार्टोकच्या त्या भागासाठी मात्र आम्ही शेवटपर्यंत मोजतच राहिलो, आणि तसेच करायला हवे असे माझे मत आहे. त्याची चपळाई मोजण्याच्या काटेकोरपणातून येते.

नॉर्वेच्या धुनांमध्ये साथ नसल्यामुळे तिथे व्हिओलाने काय करायचे, हा प्रश्न होता. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याच्यापुढेही तो आला असावा. टेलेमार्कच्या क्नुट डाले या वादकाच्या धुना योहान हाल्व्होर्सेनने लिहून घेतल्या आणि ग्रीगने त्यांवरून ओपस ७२ हा पियानोचा संच रचला. त्यात त्याने धाडसी, कधी खरखरीत कॉर्ड घातल्या. आम्ही तितके केले नाही. पहिल्या व्हायोलिनवादकाने एका जादा व्हायोलिनची ‘जी’ ही तार चढवून ‘ए’ केली, म्हणजे हार्डांगर फिडलच्या नेहमीच्या जुळणीसारखी ए-डी-ए-ई झाली, आणि बाकी तिघांनी मोकळ्या तारांवर तेच सूर लांब धरले. तरफेच्या तारा जे काम करतात ते आम्ही तिघे करीत होतो. हे लिहायला जितके सोपे आहे तितकेच वाजवायलाही सोपे होते. तयारीचा हा एकच भाग कुणालाही अवघड गेला नाही.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगते. दोन वाद्ये व्यासपीठावर ठेवली की दिव्यांच्या उष्णतेने वापरात नसलेले वाद्य उतरते. म्हणून कोन्त्रा आणि ते जादा व्हायोलिन मध्यंतराआधी व्यासपीठावर आणायचेच नाही, असा नियम केला. मायक्रोफोन वापरला नाही. पारंपरिक धुनांवर कुणाचा मालकी हक्क नसला तरी विशिष्ट मुद्रणावर आणि विशिष्ट रूपांतरावर असतो, त्यामुळे ज्या मुद्रणांवरून आम्ही शिकलो ती जपणाऱ्या संग्रहालयांना आम्ही आधी लिहिले. नॉर्वेत धून ज्या वादकाकडून आली त्याचे नाव धुनेबरोबर सांगण्याची पद्धत आहे. ती आम्ही दोन्ही प्रदेशांसाठी पाळली आणि कार्यपत्रिकेत रचनाकारांच्या नावांच्याच टंकात वादकांची व गावांची नावे छापली.

क्रम ठरवताना बरीच ओढाताण झाली. रूढ पद्धत अशी की आधी शास्त्रीय, मग लोकसंगीत, म्हणजे श्रोते हसतमुखाने घरी जातात. त्यात लोकसंगीताला तोंड गोड करण्याचे काम उरते, म्हणून मला ती पसंत नव्हती. शेवटी पूर्वार्धात हायडनचा तो क्वार्टेट आणि बार्टोकचा पाचवा ठेवला. उत्तरार्ध ट्रान्सिल्व्हेनियाच्या साखळीने सुरू करून मध्ये स्प्रिंगार घेतला आणि अखेरीस हायडनचा मिन्युएट पुन्हा एकदा, या वेळी वेगळ्या हाताने. पूर्वार्धात आम्ही तो जसा शिकलो होतो तसा वाजवला: हलका गज, आघात टोकदार. उत्तरार्धात मुठीजवळचा गज, फुगणारे आघात, आणि चालीने साथीची पर्वा न करणे. एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत असलेल्या हायडनच्या कानावर रोमा वादक काय आणि कसे वाजवत होते, हे आज कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे दुसरा प्रकार अधिक अस्सल असे आम्ही कार्यपत्रिकेत म्हटले नाही. मात्र आघातांची जी आडवीतिडवी मांडणी पहिल्या प्रकारात रचनाकाराची गंमत वाटत होती, ती दुसऱ्या प्रकारात नाचण्याजोगी वाटली, हे आम्हा चौघांनाही मान्य होते.

प्रयोगानंतर दोन प्रकारच्या तक्रारी आल्या. काही जाणकारांना कोन्त्राचा शुद्ध गंधार बोचला. दुसऱ्या व्हायोलिनवादिकेने माझ्याकडे पाहून भुवई उंचावली, आणि तेवढ्यावर विषय संपला. लोकनृत्याच्या वर्तुळातल्या एकाने सांगितले की आमचा संथ चारदाश नाचण्यासाठी अजून फार स्वच्छ आहे. त्याच्या मते आम्ही गजाच्या वळणाचा आवाज लपवतो. हे अगदी खरे आहे. वळण ऐकू येऊ नये यासाठी लहानपणापासून तासलेला हात ते सहजी सोडत नाही, आणि अजूनही तालमीत मी त्या वळणावरच काम करते आहे.

अलीकडे दुसऱ्या एका क्वार्टेटने आमच्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या साखळीची स्वरलिपी मागितली. पाठवण्याजोगे काय आहे ते पाहायला बसले, तेव्हा पहिल्या व्हायोलिनच्या चाली होत्या, त्यांखाली कॉर्डची नावे होती आणि माझ्या ओळीत पहिल्या चार मात्रांनंतर काहीच लिहिलेले नव्हते. त्यांना मी तेवढेच पाठवले. सोबत एकट्या कोन्त्रा आणि बेसचे, चालीविना केलेले मुद्रण जोडले, सपाट घोडीची मापे दिली आणि सुचवले की त्यांच्या व्हिओला व चेलोवादकांनी महिनाभर आधी एवढ्यावरच बसावे, पहिल्या व्हायोलिनला नंतर बोलवावे. त्यांच्या पहिल्या व्हायोलिनवादिकेचे उत्तर आले, मधल्या काळात तिने काय करावे असे विचारणारे. मी तिला आमच्या नृत्यशिक्षकांचा पत्ता कळवला.